अव्वांचे चिंचोके

"बाई, हे तर कुत्र्याला शिकवल्यासारखं झालं की."

तिसरा शनिवार होता. फळ्यावर बाण काढून त्याच्या टोकाशी मी 'बक्षीस' असा शब्द लिहीत होते आणि पाठीमागून अव्वांचा आवाज आला. सतरंजीवर आठ घरांतली चौदा माणसं बसली होती. कुणी हसलं नाही. दोन आयांनी मान खाली घातली, तेव्हा लक्षात आलं की हे एकट्या अव्वांच्या मनातलं नाही. त्यांच्या नातवाला मी माझ्याकडे बघायला शिकवत होते. नजर मिळाली की बिस्किटाचा तुकडा, नाही मिळाली तर नाही. दाराशी बसून अव्वांनी हे महिनाभर पाहिलं होतं. मला त्या दिवशी उत्तर सुचलं नाही. "पुढच्या शनिवारी यावर बोलू," म्हणाले आणि वर्ग लवकर सोडला.

मी विशेष शिक्षिका आहे. सोलापूरच्या पूर्वभागात, अशोक चौकापासून चालत जाता येईल अशा अंतरावर, भाड्याच्या दोन खोल्यांत ऑटिझम असलेल्या मुलांसोबत काम करते. मुलांसोबत कसं काम करायचं ते मी रीतसर शिकले आहे. ते काम आई-वडिलांना समजावून कसं सांगायचं, हे मात्र मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. पालक मला दारात भेटायचे, मूल सोडताना आणि नेताना. "आज छान बसला", "आज जरा चिडचिड होती", एवढंच बोलणं.

वर्ग सुरू करावा लागला तो एका मुलामुळे. माझ्या खोलीत पाण्याच्या चित्रावर बोट ठेवून पाणी मागणारा हा मुलगा घरी पाण्यासाठी फ्रिजवर डोकं आपटत होता. माझ्याकडे तो आठवड्याला तीन तास यायचा. जागेपणीचे बाकीचे नव्वद-पंच्याण्णव तास घरी. तिथे काय चालतं हे मला माहीत नव्हतं, आणि माझ्याकडे काय चालतं हे घरच्यांना. म्हणून आषाढात ठरवलं: दर शनिवारी दुपारी तीन ते साडेचार, बारा शनिवार. आई, बाबा, आजी, आत्या, मुलाला दिवसभर जो सांभाळतो त्यानं यायचं.

पहिला शनिवार प्रश्नांतच गेला. मी 'वर्तन म्हणजे काय' याचे कागद घेऊन बसले होते. लोकांना विचारायचं होतं: बोलेल का? बरा होईल का? पहिलीत घेतील का? विडी घरकुलातून येणाऱ्या एका आईनं पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेला कागद काढला. त्यावर ११२ आकडा होता. "सत्तरच्या वर म्हणजे चांगले मार्क ना, म्याडम?" तिनं विचारलं. तो 'इसा' या चाचणीचा कागद होता. आपल्या देशात ऑटिझमचं प्रमाणपत्र देताना ही ४० मुद्द्यांची तपासणी वापरतात. तिथे ७० च्या खाली म्हणजे ऑटिझम नाही, १०६ पर्यंत सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्यापुढे तीव्र. आकडा वाढतो तशी अडचण वाढते. सहा महिने ती बाई तो कागद चांगला निकाल म्हणून सांभाळत होती. तिला खरं सांगताना माझा आवाज नीट निघेना. आज मूल जिथे आहे तेवढंच हा आकडा सांगतो, पुढचं काही सांगत नाही, हेही सांगितलं. पण त्या दिवशी तिच्यापर्यंत ते पोचलं असेल असं वाटत नाही.

'बरा होईल का' याला मी सरळ उत्तर दिलं. हा ताप नाही, उतरत नाही. मुलाची घडणच अशी आहे आणि ती राहणार. मूल शिकेल मात्र नक्की, आपापल्या वेगानं. एका घरानं स्टेम सेलच्या उपचारासाठी दागिने मोडायची तयारी केली होती. ऑटिझमवर हा उपचार करू नये असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळानं २०२२ मध्येच सांगितलेलं आहे, हे मी त्यांना दोनदा सांगितलं, आणि वर्ग सुटल्यावर रिक्षापर्यंत जाऊन तिसऱ्यांदा सांगितलं.

आयांच्या मनातला अपराधभाव त्याच दिवशी बाहेर पडला. मोबाईल दाखवून जेवण भरवलं म्हणून, गरोदरपणी कामावर गेले म्हणून, लाड केले म्हणून, लाड केले नाहीत म्हणून. लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ मध्ये अमेरिकेत ११ मुलांचं वर्णन करून ऑटिझमची पहिली नीट ओळख करून दिली. त्यानंतर कित्येक वर्षं आईच्या कोरड्या वागण्यानं मूल असं होतं, असं मोठमोठे तज्ज्ञ सांगत होते. ते साफ खोटं ठरलं. पण तिकडे खोटी ठरलेली गोष्ट इकडे सासूच्या तोंडून, शेजारणीच्या तोंडून अजून ऐकू येते. 'स्वमग्न' हा शब्दही मला म्हणूनच खुपतो. मूल स्वतःत रमलंय, त्याला आपली गरज नाही, असा त्याचा सूर आहे. माझ्याकडच्या एकाही मुलाबद्दल हे खरं नाही. मी ऑटिझमच म्हणते.

दुसऱ्या शनिवारी प्रत्येकाला एक वही दिली, तीन रकाने आखलेली. आधी काय घडलं, मुलानं काय केलं, नंतर काय झालं. आठवडाभर रोज दोन नोंदी. वह्या परत आल्या तेव्हा मधल्या रकान्यात सगळीकडे तेच शब्द होते: हट्ट केला. त्रास दिला. मुद्दाम केलं. डोक्यात राख घालून घेतली. मी विचारलं, "हट्ट दिसतो कसा?" कुणी बोलेना. मग सांगितलं, मोबाईलच्या कॅमेऱ्यात जे दिसेल आणि ऐकू येईल तेवढंच लिहा. 'जमिनीवर आडवा पडला, टाच आपटली, पाच मिनिटं' हे दिसतं. 'मुद्दाम' हे दिसत नाही, ते आपण मागाहून घालतो. ऐकायला किरकोळ वाटेल, पण बारा शनिवारांतलं सगळ्यात अवघड काम मला हेच वाटतं. 'मुद्दाम' हा शब्द वहीतून गेला की हळूहळू तो घरातूनही जायला लागतो. एका बाबांना त्यासाठी पाच आठवडे लागले.

आणि तिसऱ्या शनिवारी अव्वांचं ते वाक्य.

त्या आठवड्यात मला नीट झोप लागली नाही. अव्वा माझ्यावर चिडल्या नव्हत्या, हेच मला जास्त लागलं होतं. त्यांना वाईट वाटलं होतं. मी स्वतःला विचारलं, डोळ्यांत बघण्याचा आणि बिस्किटाचा संबंध काय? काही नाही. शिवाय ऑटिझम असलेली कितीतरी मोठी माणसं आता स्वतःच सांगतात की नजरेला नजर देणं त्यांना सोसत नाही, आणि नजर चुकवून त्यांना उलट नीट ऐकू येतं. मग मी ते कुणासाठी शिकवत होते? बघणाऱ्यांना बरं वाटावं म्हणून. अव्वांचं म्हणणं तिथवर खरं होतं. सोमवारी मी बिस्किटांचा डबा उचलून ठेवला आणि नजरेचा धडा बंद केला.

पण अर्धी गोष्ट अव्वांच्या ध्यानात आली नव्हती, आणि ती माझ्याही तोंडून कधी नीट बाहेर पडली नव्हती. चौथ्या शनिवारी मी फळ्यावरचा 'बक्षीस' शब्द पुसला आणि तिथे 'उत्तर' असं लिहिलं. म्हटलं, अव्वा, तुमचा नातू हाताला चावतो तेव्हा तुम्ही काय करता? "धावत जाते. मोबाईल देते. नाहीतर कडेवर घेते." मग? "मग गप होतो." म्हणजे तो काहीतरी म्हणाला आणि तुम्ही उत्तर दिलंत. तो गप झाला, हे तुम्हाला मिळालेलं उत्तर. त्यामुळे पुढच्या वेळी तुम्ही अजून लवकर धावता, आणि तो अजून लवकर चावतो. शिकवणं घरात आधीपासूनच चालू आहे, दोन्ही बाजूंनी. आपण फक्त एवढंच बघायचं, की चावण्याऐवजी त्याला दुसऱ्या कशानं तेच म्हणता येईल का, आणि तसं म्हटल्यावर त्याला चावण्यापेक्षा लवकर उत्तर मिळेल का.

लालूच आणि उत्तर यांतला फरकही त्याच दिवशी बोललो. रडायला लागल्यावर चॉकलेट दाखवून गप करणं ही लालूच. पाणी मागितल्यावर पाणीच मिळणं हे उत्तर. पाणी मागितल्यावर बिस्किट देणं हे दोन्ही नव्हे, तो निव्वळ गोंधळ, आणि तो मीच घालत होते. अव्वा बराच वेळ फळ्याकडे बघत होत्या. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी विचारलं, "मग मी कसं लिहू त्या वहीत?" मी म्हटलं, सून लिहील. "ती दिवसभर विड्या वळते. पोरगा माझ्यापाशी असतो," त्या म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी आपली पद्धत स्वतःच काढून आणली. चिंचोके. नातू हाताला चावला की एक चिंचोका स्टीलच्या डबीत, हात धरून किंवा चित्र दाखवून काही मागितलं की एक चिंचोका पानाच्या डब्यात. रात्री सून दोन्ही मोजून वहीत आकडा लिहायची. इतक्या प्रामाणिक नोंदी मला आजवर शिकल्या-सवरल्या कुठल्याच पालकाकडून मिळालेल्या नाहीत.

त्या चिंचोक्यांनीच पुढचा उलगडा केला.

त्यांच्या घराच्या खालच्या अंगाला चार यंत्रमाग आहेत, टॉवेलचे. वर राहायची खोली. मुलगा जन्मल्यापासून त्या खडखडाटात वाढलेला. मी पहिल्यांदा घरी गेले तेव्हा माझं डोकं दुखायला लागलं होतं, आणि ऑटिझमच्या मुलांना आवाज सहन होत नाहीत हे डोक्यात पक्कं असल्यामुळे मी लगेच निदान करून टाकलं होतं, की हे मागांमुळेच असणार. खोली बदलता येईल का, असंही विचारून बसले होते. पण वहीतले आकडे वेगळंच सांगत होते. आठवड्यातले सहा दिवस स्टीलच्या डबीत तीन-चार चिंचोके, आणि एका दिवशी अकरा, बारा. तो दिवस कारखान्याच्या सुट्टीचा. मग श्रावणातली पौर्णिमा आली. त्या दिवशी पूर्वभागात मार्कंडेय महामुनींची रथयात्रा निघते, पद्मशाली समाजाचा मोठा सण, माग बंद. डबीत एकोणीस चिंचोके. अव्वांना वाटलं गर्दीत नजर लागली. पण मुलगा रथ बघायला गेलाच नव्हता, घरातच होता.

मी वही उलटसुलट चाळत होते तेव्हा मुलाचे वडील एकदम म्हणाले, "माग बंद असला की मलाबी झोप येत नाही."

त्याला त्रास आवाजाचा नव्हता. आवाज थांबण्याचा होता. घटनेच्या आधी काय झालं हे लिहायचं, तर आपण काहीतरी झालेलं शोधतो. इथे काही झालंच नव्हतं. रोजचं काहीतरी व्हायचं राहिलं होतं, आणि ते कुठल्या रकान्यात बसत नाही. खोली बदलायचा माझा सल्ला त्यांनी ऐकला असता तर काय झालं असतं, हा विचार अजून येतो.

तरी प्रश्न होताच: आवाज गेला म्हणून चावतो, की दिवसाचा क्रम बदलला म्हणून? दोन्ही उपाय एकदम केले तर कळणार नाही. म्हणून एका सुट्टीला फक्त आवाज दिला. वडिलांनी मोबाईलवर चालू मागाचा तासभराचा आवाज भरून घेतला होता, तो हळू लावून ठेवला. चिंचोके सात. पुढच्या सुट्टीला आवाज नाही. आदल्या रात्री आणि सकाळी भिंतीवरच्या दिवसाच्या तक्त्यात बंद मागाचं चित्र लावून दाखवलं. आठ. मग दोन्ही. चार. वैज्ञानिक म्हणतील की एवढ्यावर काही सिद्ध होत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण त्या घरात सुट्टीचा दिवस पहिल्यांदा सुट्टीसारखा गेला.

तो चित्रांचा तक्ता मग सगळ्यांच्याच भिंतीवर गेला. उठणं, दात, आंघोळ, नाश्ता, शाळा. सोलापुरात त्यात एक चित्र जास्तीचं लागतं, नळाचं. आमच्याकडे पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, कधी पहाटे, कधी रात्री. पाणी आलं की घरातलं सगळं जागच्या जागी टाकून माणसं बादल्या, पिंपं घेऊन धावतात. क्रमाला धरून चालणाऱ्या मुलाला ही धावपळ म्हणजे भूकंपच. नळाचं चित्र मध्येच कुठेही लावता येईल असं मागे वेलक्रो लावून दिलं. एका आईनं लिहिलं होतं, पाणी आल्यावर मुलानं स्वतः जाऊन ते चित्र तक्त्यावर चिकटवलं आणि मग आंघोळीला गेला, न ओरडता. ते पान मी जपून ठेवलं आहे.

एका घरात मात्र मी चुकले, आणि ती चूक सांगितल्याशिवाय हे लिहिणं अपुरं राहील.

विजापूर रोडकडून येणारं मोठं एकत्र कुटुंब. चार वर्षांची मुलगी मोबाईलशिवाय घास घेत नव्हती. काढून घेतला की किंचाळायची. वर्ग संपता संपता, घाईत, मी आईला सांगितलं, "किंचाळली की मोबाईल द्यायचा नाही. चार-आठ दिवसांत थांबेल." सूत्र चूक नव्हतं. पण दोन गोष्टी मी सांगितल्याच नाहीत. पहिली, की जे आजवर चालत आलं ते चालेनासं झालं की मूल सोडून देत नाही, आधी जोर वाढवतं. बंद दार आपण सोडून जात नाही, आधी जोरानं ठोठावतो, तसं. ओरडणं कमी होण्याआधी वाढणार, हे घरातल्या प्रत्येकाला आधीच माहीत असायला हवं. दुसरी, आणि जास्त महत्त्वाची: किंचाळण्याच्या जागी तिनं काय करायचं हे तिला शिकवल्याशिवाय किंचाळणं बंद करायला जायचंच नाही. म्हणजे मी तिच्या तोंडचा एकमेव शब्द काढून घेतला होता.

चौथ्या दिवशी ती दीड तास ओरडली. ताट भिरकावलं. ओठ दाताखाली येऊन रक्त आलं. शेजारी गोळा झाले. आजोबांनी मोबाईल आणून तिच्या हातात दिला, आणि मी त्यांच्या जागी असते तर मीही दिला असता. त्या चार दिवसांत पोरगी हेच शिकली की दीड तास ओरडलं की मिळतं. तीन शनिवार ते घर वर्गाला आलं नाही. मी फोन केले, उचलले गेले नाहीत. शेवटी मी त्यांच्या घरी गेले आणि सगळ्यांसमोर, आजोबांसमोर, माझं चुकलं असं सांगितलं. आजोबा म्हणाले, "आधी सांगितलं असतं तर आम्ही सोसलं असतं, बाई."

पुन्हा सुरुवात केली ती उलट्या बाजूनं. पहिले दोन आठवडे मोबाईल बंद केलाच नाही. मोबाईलचं छोटं चित्र तिच्या हातात, तिनं ते आईच्या तळहातावर ठेवलं की मोबाईल लगेच मिळायचा, दर वेळी, न चुकता. चित्र द्यायला लागली तशी ओरडण्याची गरज आपोआप कमी झाली. मग वाळूचं घड्याळ आणलं; वाळू संपली की मोबाईल पालथा, एक घास, पुन्हा चित्र, पुन्हा मोबाईल. त्रासदायक वागण्याच्या जागी त्याच अर्थाचं सोपं बोलणं शिकवायचं, ही कल्पना काही माझी नाही. कार आणि ड्युरंड या दोघा संशोधकांनी १९८५ मध्ये ती नीट मांडली आहे. मी ती परीक्षेत लिहिलीही होती.

होटगी रोडकडून एक वडील येत. बँकेत नोकरी, मोबाईलवर सगळं वाचलेलं. सातव्या शनिवारी त्यांनी विचारलं, "आठवड्याला चाळीस तास लागतात म्हणे. तुमच्याकडे तीनच. मग पुण्याला बिऱ्हाड करू का?" हा आकडा कुठून येतो ते मी सांगितलं. अमेरिकेत ओ. इव्हार लोव्हास यांनी १९८७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९ लहान मुलांना दोन किंवा जास्त वर्षं आठवड्याला चाळीस तास वर्तनोपचार दिले, त्यांतली ९ मुलं साध्या शाळेत पहिली पार करू शकली. ही बातमी जगभर गेली. हे उपचार कोणत्या मुलांना द्यायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं नव्हतं, म्हणून फरक उपचारामुळेच पडला असं पक्कं म्हणता येत नाही, हे मागे राहिलं. आणि त्या उपचारात ओरडणं, मांडीवर थप्पड मारणं हेही होतं. त्याआधी, साठच्या दशकात, तर याच लोव्हास यांनी मुलांना विजेचे झटकेसुद्धा दिले होते. हे सगळं पालकांना सांगावं की नाही, असा मला आधी प्रश्न पडायचा. आता मी सांगते. ज्या उपचारासाठी आपण मूल दुसऱ्याच्या हाती देतो त्याचा इतिहास आपल्याला माहीत हवा. बंद दाराआड उपचार करणाऱ्याला, "आम्हाला आत बसू द्या" असं म्हणता यायला हवं. मूल घाबरून कामाला बसत असेल तर ते शिकणं नव्हे.

आणि तासांचं म्हणाल तर दुसरा एक अभ्यास आपल्या जवळचा आहे. गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत ६५ मुलांचा, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला. तिथे तज्ज्ञ नव्हे, तर शिकवून तयार केलेल्या साध्या आरोग्य कार्यकर्त्यांनी पालकांना सहा महिन्यांत बारा वेळा भेटून, मुलाच्या बारीक खुणा ओळखून त्याला प्रतिसाद कसा द्यायचा ते शिकवलं. पालकांचा प्रतिसाद सुधारला आणि मुलं आपणहून जास्त वेळा आई-बाबांशी संवाद सुरू करू लागली. मूल त्यानं बरं झालं असं कुणी म्हटलेलं नाही. पण नोकरी सोडून पुण्याला जाण्याआधी घरातली संध्याकाळ वापरून बघा, एवढं मी त्यांना म्हटलं.

त्याच वडिलांनी पुढे विचारलं, "ते हात फडफडवणं तेवढं बंद करा, म्याडम. लग्नाकार्यात लोक बघतात." मी म्हटलं, तो कधी फडफडवतो ते वहीत बघू. पंखा सुरू झाला की, गाडीचा हॉर्न ओळखला की, बाबा दारात दिसले की. बाबा दारात दिसले की. ती ओळ त्यांनी स्वतःच लिहिलेली होती, तीन वेळा. ते वाचत राहिले, काही बोलले नाहीत. ज्यानं मुलाला किंवा दुसऱ्याला इजा होत नाही, शिकणं अडत नाही, ते मी बंद करायला शिकवत नाही. चावणं, डोकं आपटणं, रस्त्यावर पळत सुटणं यावर काम करते. हा माझा नियम आहे, आणि तो न पटणारी दोन घरं मला सोडून गेली आहेत.

अव्वांच्या घरी एक प्रश्न उरला होता, भाषेचा. शाळेत मराठी, घरात तेलुगू, गल्लीत कानडी आणि हिंदीही. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की मुलाशी एकाच भाषेत बोला, तीही मराठीत, नाहीतर गोंधळ होईल. अव्वांना मराठी कामापुरतंच येतं. त्यामुळे वर्षभर त्या नातवाशी फारसं बोलतच नव्हत्या. ज्या बाईपाशी मूल दिवसभर असतं, तिलाच गप्प बसवून ठेवलं होतं. याबाबत जे अभ्यास झाले आहेत त्यांत दोन भाषांच्या घरातली ऑटिझमची मुलं एका भाषेतल्या मुलांपेक्षा बोलण्यात मागे पडलेली दिसत नाहीत. मी अव्वांना म्हटलं, तेलुगूत बोला, भरपूर बोला, गाणी म्हणा. त्यांनी डोळ्याला पदर लावला.

मी मुलाला 'नको' शिकवत होते. उघडा पंजा काढलेलं लाल कार्ड. खरं तर हे सगळ्यांत आधी शिकवायला हवं. आम्ही मागायला शिकवतो, नाकारायला शिकवायचं विसरतो, आणि ज्याला 'नको' म्हणता येत नाही तो चावणारच. घरी अव्वा कार्ड दाखवून 'वद्दु' म्हणायच्या; तेलुगूत नको. आणि ते म्हटलं की त्या खरोखर थांबायच्या, हातातला घास असो की कंगवा. मी थांबत होतेच असं नाही. "अजून एकदाच कर" हे वाक्य माझ्या तोंडून सहज निघतं. कार्तिकात एकदा मी ठोकळ्यांचा डबा काढला आणि तो कार्डाकडे न बघता, माझा हात बाजूला सारून म्हणाला, "वद्दु." मी त्याच्या तोंडून ऐकलेला पहिला शब्द. मला आनंदानं ओरडावंसं वाटलं, आणि त्याच वेळी दुसरा हात "अजून एकदाच" म्हणून ठोकळ्याकडे निघाला होता. तो मागे घेतला. डबा बंद करून फळीवर ठेवला. राहिलेली वीस मिनिटं आम्ही खिडकीतून रिक्षा बघत बसलो.

बारा शनिवारांवर भागलं नाही, वर्ग पुढेही चालू राहिला. मार्गशीर्षातल्या शेवटच्या शनिवारी अव्वा पानाचा डबा आणि स्टीलची डबी दोन्ही घेऊन आल्या होत्या, मोजणीसाठी. सून कामावर होती, म्हणून नातूही सोबत. मी नव्या दोन घरांना तीन रकाने समजावत होते, तेवढ्यात त्यानं पिशवीतून दोन्ही डबे काढले आणि सतरंजीवर उपडे केले. मागितलेले आणि चावलेले सगळे एकत्र. अव्वा उठायला लागल्या, मग पुन्हा बसल्या.

तो एकेक चिंचोका उचलून ओळीत लावत होता, एकाला एक चिकटून, भिंतीपासून दाराकडे. ओळ माणसांच्या पायांशी आली तसे तो थांबला. बँकेतल्या बाबांनी पाय आखडून घेतले, मग त्यांच्या शेजारच्या आईनं, मग सगळ्यांनीच. ओळ मधून पुढे गेली. उंबऱ्यापाशी शेवटचा चिंचोका लागला आणि त्याचे दोन्ही हात फडफडले.

"मोजायचं राहिलं की, बाई," अव्वा हळूच म्हणाल्या.

त्या आठवड्याचा रकाना मी कोरा ठेवला.